व्हरांड्यातली गाडी

आज सकाळी हे पुन्हा तेलाची वाटी आणि कोंबडीचं पीस घेऊन घरभर फिरायला लागले, तेव्हा मी ओळखलं की आगोट आली. लोणावळ्यात पावसाळ्याआधी लोखंडाला तेल लावावं लागतं हे खरं आहे. नाही लावलं तर श्रावणापर्यंत विळीचं पातं तांबडं पडतं आणि ट्रंकेचं कुलूप किल्लीला ओळख देत नाही. पण इतरांच्या घरी हे काम एका दुपारीत उरकतं. आमच्याकडे त्याचा सोहळा असतो. बिजागऱ्या, कड्या, छत्रीच्या काड्या, अडकित्ता, रहाटाचा कणा, जे जे म्हणून लोखंडाचं आहे त्या सगळ्याला गोडेतेल पाजलं जातं. एका वर्षी माझ्या शिवणयंत्राला त्यांनी इतकं तेल पाजलं की पुढे दिवाळीपर्यंत मी शिवलेल्या प्रत्येक पोलक्यावर डाग होता. बोलून उपयोग नसतो. पार्सल ऑफिसातली नोकरी संपल्यापासून तर या माणसाला अडवणारं कुणीच उरलेलं नाही.

मी स्वयंपाकघरातून बघत होते. दाराच्या बिजागरीला पीस फिरवता फिरवता ते म्हणाले, "अशा वेळी कुंदाच्या गाडीची आठवण येते गं."

कुंदाच्या गाडीची! जी गाडी आणली यांनी, जिच्यापायी माझा व्हरांडा गेला, मिसळणाचा डबा गेला, एक अख्खा पावसाळा गेला, ती आता आमच्या लेकीची, कुंदाची गाडी झाली. मी चुलीवरच्या दुधाकडे वळले.

ती गाडी आली तो उन्हाळ्याचा शेवट होता. गाडी आली असं म्हणायचं, पण बैलगाडीतून जे उतरलं त्यात गाडी कुठे दिसत नव्हती. खोकी होती, पोती होती, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, आणि सगळ्यांवर एक स्टीअरिंगचं चाक ठेवलेलं होतं. खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या शेठजींची ही छोटी विलायती गाडी. त्यांच्या ड्रायव्हरनं दुरुस्तीच्या भरात ती नटबोल्टापर्यंत सोडवली आणि मग तो गावी निघून गेला तो परतलाच नाही. शेठजींना जागा मोकळी हवी होती. आमच्या यांना ती गाडी हवी होती. दोघंही खूश झाले. मला कुणी विचारलं नाही.

दरवर्षी आमच्याकडे झडी बांधायला डोंगरावरच्या पाड्यातून ठमाबाई यायची. झडी म्हणजे गवताचे आणि बांबूच्या कामट्यांचे पडदे. आगोटीला ते व्हरांड्याला बाहेरून बांधायचे, म्हणजे पावसाचा मारा भिंतीवर येत नाही. एकदा बांधले की दसऱ्यापर्यंत सोडायचे नाहीत. चार महिने व्हरांडा म्हणजे एक अंधारी खोली होते, आणि त्या खोलीत आम्ही कपडे वाळवतो, लाकडं ठेवतो, बसतो, भांडतो. त्या वर्षी ठमाबाई आली, तिनं व्हरांड्यातला पसारा बघितला आणि डोक्यावरचा भारा खाली न ठेवताच विचारलं, "ह्ये काय वं बाई? येखादं जनावर सोलल्यावानी दिसतंय."

"मोटार आहे," मी म्हणाले.

"आँ! मंग तिला हितं कशाला पाडलीया?"

"जोडणार आहेत."

"कोन? साहेब?" ठमाबाई हसली. हसायला नको होतं, पण ती पूर्वीपासून आमच्याकडे येत होती, तिला सगळं माहीत होतं.

काय माहीत होतं, तेही सांगते. आमच्या यांनी आयुष्यात सुरू न केलेली गोष्ट नाही, आणि पूर्ण केलेलीही नाही. भाता नसलेली बाजाची पेटी, मधमाश्या कधीच न आलेली मधपेटी, पोट उघडून ठेवलेलं भिंतीवरचं घड्याळ, अर्धी विणलेली बाज. सगळं मागच्या खोलीत. सुरुवात दणक्यात व्हायची. पुस्तकं यायची, हत्यारं यायची, जेवताना तोच विषय. मग कुठंतरी काहीतरी अडायचं, आणि एका संध्याकाळी हे हात धुऊन यायचे आणि म्हणायचे, "राहू दे आता." आवाज अगदी शांत. ती वस्तू दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत जायची. कुंदा त्या खोलीला 'राहू दे'ची खोली म्हणायची. लहान होती तेव्हा हसून म्हणायची.

त्या वर्षी ती पंधरा-सोळा वर्षांची होती आणि हसत नव्हती. मुलींचं ते वय मोठं वाईट. आई काय चुकते ते त्यांना आधीपासून कळत असतंच, पण बापही चुकतो हे त्या वयात कळतं. पूर्वी तिला कोडं पडलं की "आप्पांना विचारते" म्हणून धावायची. आता मी म्हटलं, "आप्पांना विचार," तर ती म्हणायची, "आप्पांना काय विचारायचं?" गाडीची खोकी उतरत होती तेव्हा ती दारात उभी होती. यांनी मोठ्या उत्साहानं स्टीअरिंगचं चाक तिच्या हातात दिलं. तिनं ते हातात घेतलं, मागच्या खोलीकडे बघितलं आणि विचारलं, "आप्पा, हे पण तिकडेच ठेवू का?"

यांचा चेहरा मी बघितला. तो मला आजही आठवतो.

म्हणून सांगते, मला ती गाडी नको होती. गाडीत बसायची हौस मला कधीच नव्हती, मला लोकलसुद्धा लागते. पण त्या दिवसापासून माझी एकच इच्छा होती, की ही मेली गाडी एकदा पूर्ण व्हावी. ती 'राहू दे'च्या खोलीत गेली असती तर तिच्याबरोबर यांची कुंदाच्या मनातली जागाही तिकडेच गेली असती, आणि ती कुणाला परत बाहेर काढता आली नसती. हे मी यांना सांगितलं नाही. सांगून हा माणूस जास्त नीट काम करतो असा अनुभव नाही.

कुंदा त्या कामात कशी ओढली गेली ते मला नीट आठवत नाही. शाळेला पावसाची सुट्टी होती बहुतेक. आमच्याकडे पाऊस लागला की आठवडा आठवडा थांबत नाही, घरात धुकं शिरतं, आगपेटीच्या काड्या ओढल्या तर गूल नुसता चुरा होऊन येतो, मिठाचं पाणी होतं. माणूस घरात बसून करणार काय? व्हरांड्यात हे एका पुस्तकात डोकं खुपसून बसलेले. ते पुस्तक गाडीबरोबर आलं होतं, इंग्रजीत होतं, त्यात गाडीच्या पोटातली चित्रं होती. हे एक तुकडा उचलायचे, चित्राशी धरून बघायचे, उलटा करायचे, पुन्हा धरायचे. कुंदानं थोडा वेळ सहन केलं. मग ती म्हणाली, "आप्पा, पान चुकलंय तुमचं." आणि शेजारी जाऊन बसली.

पुढचे महिने माझे कसे गेले ते माझं मला माहीत. झडी बांधलेल्या व्हरांड्यातून रॉकेलचा वास जायला वाट नव्हती, म्हणून तो घरात यायचा. भाताला वास, अंथरुणाला वास, देवाच्या फुलांना वास. एरवी व्हरांड्यात शेगडीवर टोपली पालथी घालून मी कपडे वाळवायची. आता रॉकेल आणि शेगडी एका ठिकाणी नकोत म्हणून कपडे स्वयंपाकघरात आले आणि मी धुतलेल्या धोतरांतून वाट काढत फोडण्या देऊ लागले. नटबोल्ट मिसळू नयेत म्हणून कुंदानं माझा मिसळणाचा डबा पळवला. मोहरीच्या वाटीत बारके नट, जिऱ्याच्या वाटीत वायसर, हळदीच्या वाटीत कसल्या तरी चिमुकल्या स्प्रिंगा. डबा परत आला तेव्हा मी तो चिंचेनं घासला, राखेनं घासला, उकळत्या पाण्यातून काढला. तरी नागपंचमीला आमटीत एक वायसर निघाला. तो यांच्याच पानात गेला, एवढंच त्यातल्या त्यात बरं झालं.

"अगं, हाच सापडत नव्हता!" हे आनंदानं ओरडले. माझ्या आमटीबद्दल अवाक्षर नाही.

आणि तरीही, खोटं कशाला सांगू, स्वयंपाकघरात बसून मी कान व्हरांड्याकडे लावलेले असायचे. आधी दोघं फक्त गाडीतलं बोलायची. पाना दे, हे धर, दिवा इकडे कर. मग हळूहळू दुसरं काही यायला लागलं. लढाईच्या काळात हे पुण्याला एका डेपोत कारकून होते, तिथं फावल्या वेळात ट्रक चालवायला शिकले होते, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. कुंदा ती पहिल्यांदा ऐकत होती.

"मग तुम्हाला गाडी चालवता येते, आप्पा?"

"पुढे नेता येते. मागे घ्यायला शिकायच्या आत लढाई संपली."

त्यावर ती इतकी हसली की हातातलं काहीतरी खाली पडलं आणि घरंगळत लाकडांच्या मागे गेलं. मग दोघं ते शोधत बसली. त्या रात्रीची भाकरी गार झाली. मी ओरडले. पण माझ्या ओरडण्यात दम नव्हता हे मलाच कळत होतं.

मध्ये दोनदा ते दोन शब्द उंबऱ्यापर्यंत आले होते. एकदा इंजिनात काहीतरी बसेना तेव्हा, आणि एकदा गणपतीच्या सुमारास, हँडल मारून मारून यांचा खांदा धरला आणि गाडी नुसती खोकत राहिली तेव्हा. हे आत आले, हात धुतले, पंच्याला पुसले. तोंड उघडून ते काही म्हणणार एवढ्यात मी म्हटलं, "चहा टाकते, घेऊन जा दोघांना. ती वाट बघतेय." त्या पावसाळ्यात मी किती चहा केला असेन! ज्या कामाचा मला मनापासून वीट आला होता त्या कामासाठी मी चहा करत होते, हे आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

भाद्रपद सरता सरता व्हरांड्यात खरोखरच एक गाडी उभी राहिली. इंजिन चालू झालं तेव्हा झडींवरच्या पाली पळाल्या आणि शेजारची म्हैस दोरी तोडून गेली. सीटमध्ये काथ्या भरून मी वरून खोळ शिवून दिली, तीही कुरकुरतच. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं, कारण यांना मागे घेता येत नव्हतं. ठरलं असं की ठमाबाई आदल्या दिवशी झडी उतरवेल, दसऱ्याला गाडी बाहेर पडेल, आणि आम्ही सोमाटण्याला माझ्या माहेरी सोनं द्यायला गाडीतून जाऊ.

आता सोमाटण्याचं सांगायला हवं. तिथं माझा थोरला भाऊ, तात्या. भाताची शेती, बैल, तोंडात सुपारी आणि जिभेला हाड नाही. यांची बाजाची पेटी, मधपेटी, घड्याळ, सगळ्याचा हिशेब गावच्या पारावर तात्यानंच पोचवलेला. त्याला निरोप गेला तर तो म्हणाला, "म्या सवता येतो सकाळच्या लोकलनं. डोळ्यानं बगतो. मंग त्या गाडीत बसूनच घरी येतो." म्हणजे गाडी अडली तर पहिल्या रांगेत बसून बघायची त्याची सोय झाली.

एकच गोष्ट राहिली होती. चाकं फिरवून ब्रेक दाबला की चीं करून आवाज यायचा. कुंदानं पुस्तकात बघून सांगितलं होतं, लायनर, म्हणजे ब्रेकची आतली अस्तरं, नवीन आहेत, घासून बसले की आवाज जाईल. मी ऐकलं होतं. यांनीही ऐकलं असणार, पण यांचं ऐकणं मला ठाऊक आहे.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला मांडायची आमच्याकडे रीत. कोयता, विळा, विळी, कुऱ्हाड, आणि त्या वर्षी गाडीचे सगळे पाने, हातोडी, पक्कड, जॅक. कुंदानं ते रॉकेलनं पुसून पाटावर ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. तेवढा दिवस त्यांना विश्रांती. कुंदा दुपारी आपट्याची पानं आणायला मैत्रिणींबरोबर बाहेर पडली.

हत्यारांना विश्रांती असते, पण आमच्या यांना नसते. थोड्या वेळानं ते आत आले. "जरा वाटीभर गोडेतेल दे."

"पूजेला तेल दिलंय."

"त्याला नाही गं. गाडीला. उद्या सणाची जायची, सगळं लोखंड जरा पुसून घेतो."

मी दिलं. सणासुदीला वाद कोण घालणार? व्हरांड्यात पीस फिरल्याचा आवाज येत होता. मग ते मला बोलवायला आले. ऐक म्हणाले. ठमाबाईनं त्याच सकाळी पुढच्या झडी सोडल्या होत्या, त्यामुळे कितीतरी महिन्यांनी व्हरांड्यात ऊन होतं. यांनी गाडी थोडी ढकलली आणि हातानं ब्रेक दाबला. काही आवाज नाही.

"गेला की नाही?" त्यांचं तोंड इतकं फुललं होतं! "पाने पूजेला, म्हणजे चाक उघडायची सोय नाही. पण ब्रेक झाकणाऱ्या ड्रमला एक भोक असतं बघ, त्यातून पिसानं सोडलं तेल. चारी चाकांत. कशी बिजागरी बोलायची थांबते तशी थांबली. कुंदीला सांगू नकोस हं, उद्या तिलाच कळू दे."

मी नाही सांगितलं. मला ब्रेकमधलं काय कळतंय? चीं करणाऱ्या वस्तूला तेल घालायचं असतं, एवढं मलाही पटत होतं.

दसऱ्याची सकाळ. उत्तरपूजा झाली, गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. तात्या फेटा बांधून दारात हजर. आमच्या अंगणातून रस्त्यापर्यंत उतार आहे, आणि रस्त्यापलीकडे ठमाबाईनं उतरवलेल्या जुन्या झडींचा, पावसानं काळ्या पडलेल्या गवताचा मोठा ढीग घातला होता. हे गाडीत बसले. शेजारी कुंदा. मी हातात आरती घेऊन उभी. शेजारपाजारचे सगळे जमले होते.

गाडी सुरू झाली, व्हरांड्यातून उतरली, उतारावर आली. टाळ्या पडल्या. फाटकाशी थांबायचं आणि तात्याला आत घ्यायचं, असं ठरलं होतं. फाटकाशी गाडी थांबली नाही. मी यांचा पाय खाली दाबलेला बघितला, मान ताठ झालेली बघितली, आणि गाडी अगदी गुपचूप, कसलाही आवाज न करता, फाटकातून पुढे गेली. कुंदानं स्टीअरिंग धरून ओढलं. रस्ता ओलांडून गाडी झडींच्या ढिगात घुसली, पुढचा अर्धा भाग गवतात दिसेनासा झाला आणि इंजिन बंद पडलं. माझ्या हातातलं निरांजन कधी विझलं ते मला कळलं नाही.

लागलं कुणालाच नव्हतं. गवताच्या काड्या झटकत दोघं उतरली. आणि मग तात्या बोलला. तो बोलणारच होता.

"दाजी, वैरन खाया घातली व्हय गाडीला?"

सगळे हसले. ठमाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. हे गाडीकडे बघत होते. मग त्यांनी बाह्या खाली केल्या, आणि त्या शांत आवाजात म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं. राहू दे आता."

मी त्या क्षणी तात्याला मारलं असतं, यांना मारलं असतं, त्या गाडीलाही मारलं असतं. इतके महिने रॉकेलचा वास, इतका चहा, आणि शेवटी तेच दोन शब्द. मी कुंदाकडे बघायला घाबरत होते.

ती घरात गेली, जॅक आणि पाने घेऊन आली, आणि सणाच्या परकरानिशी मातीत बसून तिनं मागचं एक चाक काढलं. मग वरचा ड्रम काढला. आत बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं. गोडेतेलाचा वास ज्या मुलीनं जन्मापासून घेतलाय तिला तो ओळखायला वेळ लागत नाही. तिनं मान वर केली ती थेट माझ्याकडे. मी नजर खाली वळवली. एवढं तिला पुरलं.

हे तिच्या मागेच उभे होते. "काय गं? काय झालंय?"

"तेल," कुंदा म्हणाली. मग जरा मोठ्यानं, तात्याला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं: "ब्रेकला तेल लागलं की ते धरत नाहीत. परवा माझ्या हातून सांडलं होतं. पुसायचं राहिलं."

"मंग! पोरीच्या हाती मोटार दिल्यावर दुसरं काय व्हनार?" तात्या म्हणाला. "दाजी, तुमची चूक न्हाई त्यात."

"तू गप बस रे!" मी इतक्या जोरात ओरडले की तात्या खरंच गप बसला. माझ्या थोरल्या भावाला मी चारचौघांत असं आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

कुंदा उठली. हात काळे, परकर मातीचा. "आप्पा, संध्याकाळपर्यंत होईल. तुम्ही मामांना चहा द्या. बाकीची चाकं काढायला मी हाक मारते तुम्हाला." आणि हे म्हणाले, "बरं." नुसतं बरं. 'राहू दे' कुठं गेलं कुणाला कळलं नाही.

ब्रेकचे तुकडे पेट्रोलनं धुऊन, अंगणात उन्हात वाळवून ती माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आली. पेट्रोल उडालं, पण आत मुरलेलं तेल काही जात नव्हतं. "आई, हे तापवावे लागतील. तव्यावर."

"माझ्या तव्यावर?"

"दुसरा कुठला आहे?"

सणाच्या दिवशी, ओट्यावर श्रीखंडाचं पातेलं झाकलेलं, आणि मी शेगडीपुढे बसून चिमट्यानं ब्रेक भाजतेय. एक बाजू झाली की उलटायची. तेल चुरचुरून वर यायचं, धूर व्हायचा, फडक्यानं टिपायचं, पुन्हा ठेवायचं. मला विचारायचं होतं की तू असं का केलंस, आणि मला उत्तर माहीत होतं. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते. माझेही. धुरानंच असं नाही.

तेवढ्यात हे दारात आले. नाकानं वास घेतला. "भजी करतेयस का गं?"

मी कुंदाकडे बघितलं. कुंदानं माझ्याकडे बघितलं. तिनं हळूच पाटावरचं ताट उचलून तव्यावर झाकलं.

"हो," मी म्हणाले. "जा बाहेर. आणते."

मग काय, भजी करावी लागली. तेल सगळं ब्रेकांनी प्यायलेलं, बुधल्याच्या तळाशी जे होतं त्यात कशीबशी. चवीला भयंकर झाली. यांनी आणि तात्यानं मिटक्या मारत खाल्ली.

संध्याकाळी आम्ही सोमाटण्याला गेलो. कार्ला गेलं, कामशेत गेलं, वडगाव गेलं. तात्या मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसला होता, आणि वळण आलं की ब्रेक इतक्या मोठ्यानं चीं करायचे की बांधावरची माणसं वळून बघायची. प्रत्येक वेळी कुंदा पुढे बसून हसायची, आणि तिच्या हसण्यानं यांची पाठ ताठ व्हायची. मला गाडी लागली. मी पदर नाकाला लावून बसले. सोमाटण्याच्या पारापाशी तात्यानं सगळ्यांना ओरडून सांगितलं, "दाजींनी बांदलीया! सवताच्या हातानं!" निघताना मागे घेता येईना म्हणून अर्ध्या गावानं गाडी उचलून फिरवून दिली.

ती गाडी आमच्याकडे बरीच वर्षं होती. मग तिचे भाग मिळेनासे झाले आणि ती गेली. तोवर कुंदाही गेली, आधी पुण्याला शिकायला, मग पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायला. हे आल्यागेल्याला ती गोष्ट रंगवून सांगतात. व्हरांडा, पाऊस, हँडल, झडींचा ढीग. आणि शेवटी, "आमच्या कुंदीच्या हातून ब्रेकला तेल सांडलं ना, नाहीतर तेव्हाच पोचलो असतो." दर वेळी माझं डोकं तापतं. कितीदा जिभेच्या टोकापर्यंत आलंय, की अहो, तेल कुणी घातलं, वाटी कुणी मागितली? कुंदा समोर असली तर ती माझ्याकडे बघून भुवई जराशी उचलते, आणि मी पाणी आणायला आत जाते. या माणसाला काहीच कसं कळत नाही, असं मी मनात म्हणते.

म्हणजे, म्हणायचं म्हणून म्हणते. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कुंदालाही नाही. त्या दसऱ्यानंतरच्या आगोटीला, आजच्यासारखीच सकाळ होती. हे वाटी आणि पीस घेऊन व्हरांड्यात गेले. ठमाबाई झडी बांधत होती. मी वाळवण आवरायला म्हणून बाहेर आले. गाडीच्या दारांना, बॉनेटच्या बिजागऱ्यांना, दिव्यांच्या कड्यांना यांनी तेल लावलं होतं, सगळं लखलखत होतं. आणि चारी चाकांच्या ड्रमवर, त्या भोकांवर, घट्ट फडकी बांधलेली होती. दोन दोन गाठी मारून. एक थेंब आत जाऊ नये म्हणून.

ते माझ्याकडे पाठ करून छत्रीच्या काडीला पीस फिरवत होते. म्हणजे त्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी भज्यांचा वास घेतला, तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. पोरीनं काय अंगावर घेतलं तेही. आणि ती गोष्ट ते तशीच सांगत आले, कारण तिनं ती तशी सांगितली होती.

मी जवळ जाऊन एक गाठ बोटानं चाचपली. मग मला फडक्यावरचा वेल दिसला. निळा, साखळी टाक्याचा. रुखवतासाठी मी स्वतः भरलेले उशीचे अभ्रे. चारच होते. चारही गेले.